ओव्हन चालतो का?

“उत्तर टाकलंस का?”

“लिहितोय.”

“महिना झाला लिहितोयस. प्रबंध आहे का तो?”

माझी थोरली बहीण, पद्माक्का, इचलकरंजीहून फोन करायची आणि आमचं बोलणं एवढंच व्हायचं. ज्या पत्राबद्दल ती विचारायची ते माझ्यासमोर टेबलावरच पडलेलं असायचं. निळं अंतर्देशीय पत्र, आणि फळ्यावर लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं असतं तसं गोल, ठसठशीत अक्षर. त्यातला मजकूर मला आजही पाठ आहे.

“पद्माक्कांनी आपल्याविषयी सांगितले. माझे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. शाळेत गृहविज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. स्वभाव स्पष्ट आहे. या वयात लग्नाचे फार चर्वण करू नये असे मला वाटते. एकच विचारायचे आहे. आपल्याकडे विजेचा ओव्हन आहे असे कळते. तो चालतो का? होकार असो वा नकार, उत्तर मात्र पाठवावे. त्रिशला उपाध्ये.”

यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. चौकशीच्या पत्रांना उत्तरं देणं हेच माझं काम. पण या पत्रापाशी माझं घोडं अडलं, कारण ओव्हन चालतो की नाही हे मला माहीत नव्हतं.

ओव्हन होता, हे खरं. आक्काची मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे राहायची, तिनं तो हट्टानं आणवला होता. लग्न होऊन ती गेली आणि ओव्हन राहिला. मी एकटा माणूस, एका वेळी भाकरी आणि एका वेळी भात करणारा. मला त्याचा काय उपयोग? पुढं एकदा पुस्तकांना कसर लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की घट्ट दार असलेली घरात ती एकच जागा आहे. तेव्हापासून एका जुन्या शब्दकोशाचे खंड ओव्हनमध्ये राहत होते.

“ओव्हन चालतो” असं लिहावं तर ते खोटं ठरण्याची भीती. “चालत नाही” लिहावं तर नकार दिल्यासारखं. “त्यात शब्दकोश आहे” असं लिहावं तर बाई काय समजतील? तिन्ही मसुदे केले आणि तिन्ही फाडले. नकार मला द्यायचा नव्हता. त्रिशलाबाईंना मी एकदाच, आक्काच्या घरी, पाहिलं होतं. जेवणाचं टेबल डुगडुगत होतं. सगळे त्यावर जेवत होते आणि डुगडुगण्याबद्दल बोलत होते. बाईंनी कुणाला न विचारता कागदाची घडी केली, पायाखाली सारली आणि पुन्हा जेवायला लागल्या. एवढ्यावरून माणूस आवडू शकतं का, मला ठाऊक नाही. मला त्या आवडल्या.

मग एके दिवशी आक्काचा फोन आला तो वेगळा होता.

“रविवारी चार वाजता आम्ही दोघी येतोय. बाई कंटाळल्या. बेळगावच्या भाचीनं त्यांना कायमचं राहायला बोलावलंय. मंगळवारी न्यायला येणार आहेत. त्याआधी एकदा तोंडावर विचारते आणि मोकळी होते म्हणाल्या.”

“काय विचारणार?”

“तुझं डोकं,” असं म्हणून आक्कानं फोन ठेवला.

रविवारी जेवण झाल्यावर मी ओव्हनसमोर पाट घेऊन बसलो. चार वाजेपर्यंत तो साफ करायचा, लावून पाहायचा आणि बाई दारात आल्या की “चालतो” किंवा “चालत नाही” असं खरं उत्तर द्यायचं, असा बेत होता. प्लग काढला. खंड बाहेर काढून पलंगावर ठेवले. आत भाचीच्या काळचं तूप आणि चीज काळंकुट्ट होऊन बसलं होतं. ओव्हनची माहितीपुस्तिका मी अर्थातच जपून ठेवली होती. तिच्यात सांगितल्याप्रमाणे जाळ्या आणि ट्रे साबणाच्या गरम पाण्यात बुडवले, खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लगदा केला आणि आतल्या भिंतींना हातानं सारवला. कॉइलला सोडा लागू नये म्हणून तिच्याभोवती कागद गुंडाळला, आणि तो कागद काढायचा विसरू नये म्हणून दारावर चिठ्ठी चिकटवली.

मग पुस्तिकेचं पान उलटायला गेलो तर दोन पानं तुपानं एकमेकांना चिकटलेली. ती सोडवली. आत लिहिलं होतं : “साफसफाईपूर्वी वीजपुरवठा पूर्णपणे खंडित करावा.”

प्लग तर मी काढला होता. पण तेवढ्यानं काम भागत असतं तर त्यांनी “पूर्णपणे” कशाला छापलं असतं? शाई काही फुकट मिळत नाही. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत त्या ओव्हनमध्ये जाऊन आले होते. आणि अजून पुसायचं काम बाकी होतं.

मी तसाच, सोड्यानं माखलेल्या हातांनी, तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरून खाली गेलो. आमच्या बिल्डिंगचे मीटर जिन्याखाली होते. रंगकाम करणाऱ्यांनी भिंतीबरोबर घरांचे नंबरही रंगवून टाकले होते, त्यामुळे कुठला फ्यूज कुणाचा ते कळेना. बारक्या फ्यूजांची एक रांग होती, आणि सगळ्यांच्या वर एक मोठी लोखंडी पेटी, बाजूला दांडा असलेली. मी विचार केला. ओव्हन हे मोठं यंत्र, म्हणजे त्याचा फ्यूजही मोठा असणार. रबरी चपला घालून होतो. दांडा खाली ओढला आणि पेटी उघडली. आत चिनी मातीचे तीन फ्यूज होते. माझ्या घरात खोल्या तीन. इतकं सगळं जुळून आल्यावर शंकेला जागा उरत नाही, आणि शंका घेण्यात मी कुणाला हार जाणारा नाही.

तिन्ही फ्यूज काढून लेंग्याच्या खिशात टाकले. माझे हात ओव्हनमध्ये असताना कुणी येऊन ते परत बसवू नयेत, म्हणून. मी पेटीपाशी विचार करत असतानाच मागं लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला होता आणि जिन्यावरही कुणाची तरी पावलं वाजली होती. पण हात असे पांढरे, म्हणून मी वळून पाहिलं नाही.

जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आलो तर पायरीवर आक्का बसलेली, पदरानं वारा घेत.

“इतक्या लवकर?” मी म्हणालो.

“एस.टी. लगेच मिळाली. काय करू, परत पाठवू?”

“आणि बाई?”

आक्कानं बोट वर केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जाळीच्या मागं, लिफ्ट लटकत होती. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर तपकिरी रंगाच्या दोन चपला आणि सुती साडीचा काठ दिसत होता.

“लाइट गेली,” आक्का म्हणाली. “मी कधी लिफ्टमध्ये पाऊल घालत नाही म्हणून वाचले.”

त्या काळात लाइट जाण्याचं कुणाला विशेष वाटत नसे. लोडशेडिंग होतंच. लाइट गेली की लोक गॅलरीत खुर्च्या टाकायचे, नाहीतर सरळ आडवे व्हायचे. त्या दिवशीही सगळ्यांनी तसंच केलं. मला मात्र त्या लोडशेडिंगचा राग आला. एक तर बाई अडकल्या. शिवाय आपला फ्यूज बरोबर निघालाय की नाही, हे बल्ब लावून पाहायची सोय राहिली नाही.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडून सोसायटीचे चेअरमन बिराजदार बाहेर आले.

“रविवारी आपल्याकडं लोडशेडिंग नसतं,” ते म्हणाले. “आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये पंखे फिरतायत. हा सरळसरळ अन्याय आहे. कुणी घाबरू नका.”

“कुणी घाबरलं नाही,” लिफ्टमधून आवाज आला.

बिराजदारांनी वर पाहिलं. “आत कोण आहे?”

“माझ्याकडच्या पाहुण्या,” मी म्हणालो.

“मगदूम, तुमच्याकडं पाहुण्या?” बिराजदार माझ्याकडं पाहतच राहिले. मग चपलांकडं वळून म्हणाले, “बाई, लिफ्ट हातानं फिरवणारा आमचा वॉचमन गावाला गेलाय. पण काळजी करू नका. मी वीज कार्यालयाला फोन लावतो. माझा आवाज त्यांना चांगला माहीत आहे.” आणि ते आत गेले.

आक्का उठली. “भूपाल, दार उघडंच आहे ना? मी वर जाऊन पाणी पिते. तू बोल त्यांच्याशी.”

“काय बोलू?”

“ते मी शिकवू आता?” ती गुडघ्यांवर हात टेकत वर गेली.

मी पायरीवर बसलो, लिफ्टकडं पाठ करून. समोर भिंत होती. भिंतीकडं पाहून बोलायला मला कधीच अडचण आली नाही.

“मगदूम सर का?” वरून आवाज आला.

“हो.”

“चला, काहीतरी उत्तर आलं.”

मी मागून डोकं खाजवलं.

“पत्र मिळालं होतं ना?”

“मिळालं.”

“मग?”

“ओव्हन चालतो का ते मी तपासलं नव्हतं.”

“महिनाभर?”

“त्यात पुस्तकं होती.”

अगदी शांतपणे प्रश्न आला, “कसली?”

“शब्दकोश.”

“कुठल्या अक्षरापर्यंत भाजून झालाय?”

“भाजला नाही,” मी घाईघाईनं म्हणालो. “आज बाहेर काढला. ओव्हन साफ करायला घेतलाय.”

“म्हणून तुमच्या डोक्याला मागं पांढरं लागलंय होय? मला वाटलं, तेवढेच केस पिकलेत. प्लग काढलात का?”

“काढला.”

“गार होऊ दिलात ना आधी?”

“बरीच वर्षं गारच होतोय तो.”

लिफ्ट किंचित खडखडली. बाई हसत असाव्यात. मग चपला हलल्या, साडीचा काठ खाली आला. त्या लिफ्टमध्ये मांडी घालून बसल्या.

“घासायला काय घेतलंत? तारेची घासणी नाही ना?”

“नाही. सोड्याचा लगदा.”

“कॉइलला?”

“कॉइलला कागद गुंडाळलाय. तो काढायची चिठ्ठी दारावर लावलीय.”

“दाराच्या कडेचं रबर?”

“ते ओढायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि कोरडं करायचं.”

“आत पाणी ओतलं नाहीत ना?”

“छे.”

“शाबास,” त्या म्हणाल्या.

शाळा सुटल्यापासून मला कुणी शाबास म्हटल्याचं आठवत नव्हतं. त्या जोरावर मी आयुष्यात पहिल्यांदा एका बाईंना आपणहून प्रश्न विचारला.

“तुम्ही पत्रात ओव्हनबद्दलच का विचारलंत?”

“शाळेच्या प्रयोगशाळेत एक होता,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातचा. निवृत्त झाले त्या दिवशी किल्ली देऊन आले. घरी जाऊबाईंचं स्वयंपाकघर. त्यात माझं एक फडताळ. बेळगावला गेले की भाचीचं स्वयंपाकघर. चांगली आहे ती, पण डबा कुठला घ्यायचा हे विचारूनच घ्यावं लागणार. म्हटलं, तुमच्याकडं निदान एक वस्तू अशी असेल की जिला हात लावताना कुणाला विचारायला नको. हे एक.”

“आणि दुसरं?”

“साधा प्रश्न विचारला तर हा माणूस साधं उत्तर देतो का, ते बघायचं होतं.”

“मग कळलं?”

“कळलं की. देत नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मंगळवारी जाईन म्हणते मी बेळगावला. सामान थोडंच आहे.”

आता काहीतरी बोललं पाहिजे, हे मलाही समजत होतं. त्याआधी तोंड पुसावं म्हणून मी खिशात हात घातला आणि रुमाल ओढला. त्याबरोबर एक फ्यूज बाहेर आला आणि पायरीवर टणकन पडला.

“काय पडलं?”

“फ्यूज.”

“कसला फ्यूज?”

“माझाच. ओव्हनसाठी काढून ठेवलाय. कुणी चुकून लावू नये म्हणून खिशात.”

“प्लग काढलेला असताना?”

“पुस्तिकेत ‘पूर्णपणे’ असं लिहिलंय.”

“बरं. एकच काढलात?”

“तीन.”

“तीन?”

“माझ्या तीन खोल्या आहेत.”

वर जाळी खडखडली म्हणून मी भिंत सोडून मान वळवली. जाळीतून बाईंचा चष्मा माझ्याकडं पाहत होता.

“मगदूम सर, हे फ्यूज कुठून काढलेत?”

“जिन्याखालून. लोखंडी पेटीतून. तिला एक दांडा आहे, तो आधी खाली ओढला.”

“सगळ्यांच्या वरची मोठी पेटी?”

“हो.”

“केव्हा?”

“आत्ताच. तुम्ही लिफ्टमध्ये…” आणि माझी नजर पायरीवरच्या फ्यूजवर गेली.

आतून बिराजदारांचा आवाज येत होता. “मी एक जबाबदार नागरिक बोलतोय. समोरच्यांना लाइट आहे आणि आम्हाला नाही, याचा अर्थ काय?” वर कुणाचं तरी बाळ रडत होतं. अख्ख्या बिल्डिंगचे पंखे माझ्या खिशात होते.

मी ताडकन उठलो. “आत्ता जाऊन लावतो.”

“बसा,” बाई म्हणाल्या.

तो वर्गातला आवाज होता. मी बसलो.

“फ्यूज लावू नका. लाइट आली की मी वर येईन. तुम्ही चहा ठेवाल. आक्का बोलत राहतील आणि तुम्ही कपाकडं बघत बसाल. संध्याकाळची एस.टी. येईल. असली माणसं मला माहीत आहेत, माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायची. आधी उत्तर द्या, मग खाली जा.”

“पण ओव्हन अजून तपासला…”

“ओव्हनचं नाही विचारत आता.”

“तुम्हाला आत उकडत असेल.”

“उकडतंय. म्हणून लवकर बोला.”

मी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. पायरीवरचा फ्यूज उचलून दोन्ही हातांत घट्ट धरला.

“मला भाकरी बरी जमते,” मी म्हणालो. “भात कधीकधी चिकट होतो. वाचताना मला हाक ऐकू येत नाही. घरात कुणी आलं की काय बोलावं ते सुचत नाही, आणि ते गेले की सगळं सुचतं. मग मी ते पातेल्यांना सांगतो. तुम्ही बेळगावला गेलात तर तुम्हाला सांगायचं होतं ते सगळं मला त्यांनाच सांगावं लागेल.” इथं माझा श्वास संपला. “त्यापेक्षा तुम्ही या.”

“कुठं?”

“राहायला.”

“कायमच्या?”

“हो.”

“आणि स्वयंपाकघर?”

“तुमचं. भाकरी मात्र कधीतरी मी करीन.”

“विचारून करा,” त्या म्हणाल्या.

“ठरलं का?” तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावरून आक्काचा आवाज आला. ती पाणी प्यायला आत गेलीच नव्हती. “ठरलं असलं तर ते फ्यूज लाव बाबा. मी घामानं निथळतेय.”

मी खाली धावलो. फ्यूज बसवले, पेटी लावली आणि दांडा वर केला. एकदम सगळ्या बिल्डिंगमध्ये टीव्ही बोलायला लागले. लिफ्ट हलली. चौथ्या मजल्यावर कुणीतरी केव्हाचं बटण दाबून ठेवलं होतं, म्हणून ती बाईंना घेऊन तिथं गेली. मी धापा टाकत वर पोचलो तोवर ती खाली निघाली होती. मी पुन्हा खाली उतरलो तर ती वर. शेवटी तिसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा बाई माझ्या दारापाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर बिराजदार छाती पुढं काढून.

“बघितलंत? एक फोन. फक्त एक.”

“आपले उपकार झाले,” बाई गंभीरपणे म्हणाल्या.

त्यानंतर सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत बिराजदारांनी तो फोन केला. आम्ही दोघांनी त्यांना कधी काही सांगितलं नाही.

आत येऊन बाईंनी पदर खोचला. सोडा वाळून पांढरा झाला होता. तो आम्ही दोघांनी ओल्या फडक्यानं पुसून काढला, मग कोरड्या फडक्यानं. चिठ्ठी वाचून त्यांनी कॉइलवरचा कागद काढला, चिठ्ठीही काढली. दार उघडं ठेवून तो चांगला सुकू दिला. मग प्लग लावला आणि रिकामाच सुरू केला. घरभर जुन्या पुस्तकांचा वास पसरला. हळूहळू कॉइल लाल झाली. आम्ही तिघंही वाकून काचेतून बघत होतो.

“चालतो,” त्रिशलाबाई म्हणाल्या.

झालं. माझं उत्तर त्यांनीच देऊन टाकलं. त्या बेळगावला गेल्या नाहीत. लग्न साधेपणानं झालं. बिराजदारांनी भाषण केलं. त्या ओव्हनमधून पुढं किती नानकटाया निघाल्या असतील, सांगता येणार नाही. पण आजही घरी कुणी आलं की बशी पुढं करताना ती म्हणते, “घ्या हो. आमच्या पत्राला यांच्याकडून अजून उत्तर यायचंय, पण तुम्ही खा.” इतकी वर्षं लोक हसतात, मीही हसतो.

आता ओव्हनचं दार नीट लागत नाही. तिनं नवा पसंत केलाय. उद्या दुकानाचा माणूस नवा घेऊन येईल आणि जुना घेऊन जाईल. काल संध्याकाळी हे ऐकलं आणि मी अस्वस्थ झालो. उद्यानंतर त्या प्रश्नाला खरं उत्तर देणं मला कधीच शक्य होणार नव्हतं.

आज सकाळी ती देवळात गेल्यावर मी प्लग काढून ओव्हन पुसला. यावेळी नुसता प्लग. कोरडा झाल्यावर रिकामा लावून पाहिला. दाराच्या फटीतून झळ येत होती, पण कॉइल लाल झाली. मग पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं : “आपले पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. ओव्हन चालतो.” पत्ता घरचाच घातला. पाठवणाऱ्याच्या जागी “वरीलप्रमाणे” असं लिहिलं.

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी पोचलो आणि कार्ड फटीत अर्धं सारल्यावर शंका आली. हे घरी पोचेल तेव्हा ओव्हन घरात नसेल. म्हणजे उत्तर पुन्हा खोटंच. कार्ड बाहेर काढलं. पेटीच्या डोक्यावर ठेवून, मागं उभ्या असलेल्या पोरीकडून पेन मागून घेतलं आणि “चालतो”च्या पुढं आजची तारीख घातली. “आजोबा, टाकताय ना?” ती म्हणाली. मी हो म्हणालो आणि कार्ड सोडलं.